हायवेत जमीन चाललीय, मोजणीत विहीर लिहिलीच नाही, आता काय करायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. मी नोकरीला पुण्यात, शेती वडील बघतात, गाव सांगली जिल्ह्यात. आमच्या गटातनं राष्ट्रीय महामार्ग चाललाय. एकूण रान 2 एकर 10 गुंठे, त्यातलं साधारण 30 गुंठे जातंय, आणि ते पण कडेनं नाही तर मधोमध, म्हणजे रानाचे दोन तुकडे होणार. पेपरला 3ए ची (म्हणजे जमीन घेणार म्हणून सांगणारी) जाहिरात उन्हाळ्यातच येऊन गेली म्हणे, आम्हाला पत्ताच नाही. मागच्या आठवड्यात संयुक्त मोजणी झाली, वडील एकटेच होते. मोजणीवाले आले, यंत्र लावलं, बांधावरच्या दगडाला लाल रंग मारला आणि एका कागदावर वडिलांची सही घेतली. वडिलांनी विचारलं हे काय तर म्हणाले आण्णा, हजेरीची सही आहे. मी शनिवारी घरी गेलो आणि त्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो बघितला तर त्यात जमीन जिरायत लिहिलीय, विहिरीचा रकाना कोरा, पाइपलाइनचा कोरा. रानात ऊस उभा आहे हो! विहीर आजोबांनी खणलेली आहे आणि ती बरोब्बर रस्त्याच्या पट्ट्यात येतीय, तिच्यातनं पलीकडच्या तुकड्याला 600 फूट पाइप गेलीय.

दुसरी अडचण, आजोबा 2011 ला वारले तेव्हा वारस नोंद फक्त वडिलांची आणि चुलत्यांची अशी दोघांचीच झाली. दोन आत्या आहेत, त्यांची नावं सातबाऱ्यावर नाहीत. कुणी मुद्दाम केलं नाही, त्यावेळी तसंच करायची पद्धत होती.

गावात तीन गोष्टी चालल्यात. एक, पैसे उचलले की कोर्टात जायचा हक्क गेला. दोन, चौपट मिळणारच, कायदाच आहे. तीन, मोजणी अडवा, ग्रामसभेचा ठराव करा, रस्ताच रद्द होतो. यातलं खरं किती? वडील रात्री झोपत नाहीयेत. जाणकारांनी प्लीज सांगा.

मोजणीवाला_निवृत्त

मी भूमी अभिलेखमध्ये 31 वर्षं काढली, त्यामुळं कागदाचं तेवढं सांगतो, कोर्टाचं वकील सांगतील.

पहिली गोष्ट, वडिलांना सांगा घाबरू नका, ही चूक दुरुस्त होते, पण आत्ताच होते. संयुक्त मोजणीचा जो तक्ता असतो ना, गट नंबर, जाणारं क्षेत्र, जिरायत की बागायत, झाडं किती कसली, विहीर, बोअर, पाइप, घर, गोठा, त्या तक्त्यावरनंच पुढं मूल्यांकनाला पत्रं जातात. विहिरीचं नि गोठ्याचं बांधकाम विभागाकडं, पाइपचं पाणीपुरवठ्याकडं, फळझाडांचं कृषीकडं, बाकी झाडांचं वनविभागाकडं. तक्त्यात विहीर नाही म्हणजे विहिरीचं पत्रच निघत नाही. पत्र नाही तर मूल्यांकन नाही, आणि मूल्यांकन नाही तर निवाड्यात, म्हणजे मोबदल्याच्या आदेशात, विहीर नाही. मग चार वर्षांनी तिथं विहीर होती हे सिद्ध करायला जाल तेव्हा विहिरीवर भराव पडून वरनं ट्रक पळत असतात.

माणूस मुद्दाम करतो असं नाही. दिवसाला तीसचाळीस गट उरकायचे असतात, उसात शिरायला कुणी मागत नाही, बांधावरनंच बघून लिहितात. मी स्वतः बघितलंय, ऊस डोक्याएवढा असला की आतली विहीर दिसतच नाही.

उद्याच्या उद्या अर्ज द्या. सक्षम प्राधिकारी म्हणून तुमच्याकडं बहुतेक प्रांतच असतील, अर्ज त्यांना, आणि प्रत तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेखला नि महामार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला. विषय सरळ लिहा, गट नंबर अमुकमधील विहीर, पाइपलाइन व बागायत क्षेत्राची नोंद राहिल्याबाबत, फेर स्थळ पाहणी होऊन मिळणेबाबत. सोबत काय काय जोडायचं तर सातबारा आणि 8अ, मागच्या वर्षांची ई-पीक पाहणी (ऑगस्ट 2021 पासून राज्यात सुरू आहे, त्यात ऊस लागलेला असेल तर फार कामाला येतं), मोटरचं लाइट बिल, कारखान्याची ऊस नोंद नि ऊस बिलं. कारखान्याची बिलं लोक विसरतात, पण तिथं गट नंबर, लागणीची तारीख सगळं असतंय आणि ते तुम्ही स्वतः तयार केलेलं कागद नसतंय. फोटो काढताना लोकेशन येणारं ॲप वापरा, विहिरीचा कठडा आणि मागं तो लाल रंगाचा दगड एका फोटोत आला पाहिजे. विहिरीची खोली, व्यास टेप लावून मोजा, पाणी कुठपर्यंत आहे ते लिहा, गावातले दोघे पंच घेऊन साधा पंचनामा करून ठेवा.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का हे पण बघा. जुन्या विहिरी पुष्कळदा चढलेल्याच नसतात. नसेल तर तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) लगेच अर्ज द्या.

माळरान

दादा तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं, आमचं 2018 ला असंच झालं. फक्त आमची विहीर रस्त्यात नव्हती गेली, रस्त्याच्या अल्याड राहिली आणि एक एकर रान पल्याड. पैशाच्या नादात पाण्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. निवाडा झाला, पैसे आले, भराव सुरू झाला तेव्हा मी जाऊन म्हणालो की माझी पाइप तेवढी खालनं काढू द्या, तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला ड्रॉइंगमध्ये नाही, वरनं लेखी आणा. लेखी आणेपर्यंत भराव दोन पुरुष उंच झाला. शेवटी पार पुलाखालनं वळसा घालून 1100 फूट पाइप टाकली, मोटर बदलली, सगळा खर्च घरचा. आई त्या वर्षी पल्याडच्या रानात डोक्यावरनं घागरी नेऊन रोपं जगवत होती. त्याचे पैसे कुणी देत नाही.

म्हणून सांगतो, अर्जात विहिरीसोबत हे पण लिहा की उरलेल्या तुकड्याला पाणी न्यायला रस्त्याखालनं क्रॉसिंग पाइप पाहिजे आणि पलीकडं जायला वाट कुठनं हे दाखवा. भराव पडायच्या आधी मागितलं तर एक पाइप टाकायला काहीच लागत नाही.

आणि पैसे घेताना आम्ही हक्क राखून घेतले, त्याबद्दल वकील सांगतीलच. आमची लवादाची केस अजून चालू आहे.

काळा_कोट_पंढरपूर

वर दोघांनी जे लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मी भूसंपादनाच्या केसेस चालवतो, कायद्याचं सांगतो.

आधी तुमच्या केसला कुठला कायदा लागतो ते समजून घ्या कारण गावात सगळी गल्लत तिथंच होते. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956. त्यात 3ए म्हणजे जमीन घ्यायचा इरादा. राजपत्रात ते प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत 3सी खाली लेखी हरकत घेता येते आणि हरकत घेतली तर सुनावणी द्यावीच लागते. तुमचे 21 दिवस गेले. त्यानंतर 3डी, ती अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारची झाली, सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो. 3ए पासून एक वर्षात 3डी निघाली नाही तर मात्र 3ए आपोआप रद्द होते (कोर्टाची स्थगिती असेल तर तो काळ धरत नाहीत), त्यामुळं राजपत्राची तारीख शोधून भिंतीवर लिहून ठेवा. मग 3जी खाली सक्षम प्राधिकारी मोबदला ठरवतात, त्याआधी परत पेपरला जाहीर नोटीस देऊन दावे मागवतात. ही नोटीस चुकवू नका, त्या तारखेला स्वतः जाऊन लेखी दावा द्या. पैसे जमा झाले की 3ई खाली ताबा द्यायला 60 दिवसांची नोटीस येते.

ग्रामसभेच्या ठरावाचं. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू आहे, त्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे आणि खासगी-सरकारी भागीदारीच्या प्रकल्पाला 70 टक्के, खासगी कंपनीला 80 टक्के लोकांची संमती लागते. पण महामार्ग कायदा त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहे, म्हणजे 2015 पासून मोबदला आणि पुनर्वसनाचे नियम तेवढे 2013 चे लागतात, संमती आणि परिणाम अभ्यासाचे लागत नाहीत. त्यामुळं ठराव जरूर करा, आवाज उठवायला त्याचा उपयोग आहे, पण नुसत्या ठरावानं राष्ट्रीय महामार्ग कायद्यानं थांबत नाही हे वडिलांना खरं सांगा. मोजणी अडवली तर ते तुमच्या गैरहजेरीत मोजतात, आणि गैरहजेरीत काय लिहिलं जातं ते तुम्ही आत्ता हजेरीत पण बघितलंच आहे.

आता पैसे. बाजारभाव ठरवताना रेडी रेकनरचा दर आणि आजूबाजूच्या तशाच जमिनीच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांतली जास्त किमतीची निम्मी खतं घेऊन काढलेली सरासरी, यातलं जे जास्त ते धरायचं असतं. भाव 3ए च्या तारखेचा, नंतरची खतं चालत नाहीत. म्हणून दुय्यम निबंधकाकडनं त्या तीन वर्षांच्या इंडेक्स टू च्या (नोंदलेल्या खरेदीखताच्या उताऱ्याच्या) नकला काढा, तुमच्या आणि शेजारच्या गावच्या, बागायत जमिनीच्या. ऑफिस स्वतःहून चांगली खतं शोधत बसत नाही. त्या भावाला शासनानं ठरवलेल्या गुणांकानं गुणायचं, त्यात विहीर, झाडं, पाइप यांची किंमत मिळवायची आणि जी बेरीज होईल तेवढीच रक्कम परत दिलासा म्हणून, म्हणजे 100 टक्के. शिवाय बाजारभावावर 3ए पासून निवाड्यापर्यंत वर्षाला 12 टक्के.

उदाहरण म्हणून, एकराचा भाव 15 लाख धरू. 30 गुंठ्याचे झाले 11,25,000. विहीर पाइपचे 4 लाख. गुणांक 1 असेल तर 15,25,000 चे दुप्पट 30,50,000. गुणांक 2 असेल तर 26,50,000 चे दुप्पट 53 लाख. आणि नीट बघा, विहीर नोंदली नाही तर 4 लाख जात नाहीत, दिलाशासकट 8 लाख जातात.

चौपटची गोष्ट या गुणांकातनं आलीय. राज्यात ग्रामीण भागाला 2 गुणांक होता तेव्हा चौपट व्हायचं, समृद्धीला थेट खरेदीत वर 25 टक्के दिले म्हणून पाचपट म्हणायचे. 2022 च्या सुरुवातीला शासनानं महामार्गाच्या जमिनीसाठी तो 1 वर आणला, त्यावरनं तुमच्या भागात केवढी आंदोलनं झाली ते तुम्हाला माहीत असेल. त्यामुळं कुणाच्या सांगण्यावर न जाता तुमच्या 3ए च्या तारखेला कुठला जीआर लागू होता तो हातात घ्या.

पैसे उचलण्याबद्दल. उचला. पण पावतीवर आणि वेगळ्या पत्रानं लिहा की रक्कम मान्य नाही, हक्क राखून, निषेध नोंदवून स्वीकारत आहे. 2013 च्या कायद्यात तर हे शब्द नसले तर पुढं वाढीव मोबदला मागता येत नाही, महामार्ग कायद्यात तसं स्पष्ट कलम नाही पण धोका कशाला घ्या. छापील हमीपत्र, संमतीपत्र समोर आलं की वाचल्याशिवाय सही नाही, "सदर मोबदला मला मान्य असून पुढे कोणतीही तक्रार करणार नाही" अशी ओळ असली तर ती खोडून सही करा नाहीतर करूच नका.

वाढीव मागायचं ते 3जी(5) खाली लवादाकडं. बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी किंवा आयुक्त दर्जाचा अधिकारीच लवाद असतो, लोकांचा विश्वास बसत नाही ते मी समजू शकतो, पण सगळा पुरावा तिथंच घालायचा असतो. कारण लवादानंतर जिल्हा न्यायालयात लवाद कायद्याच्या कलम 34 खाली जाता येतं, तीन महिने आणि फार तर वर 30 दिवस, आणि तिथं कोर्ट नव्यानं भाव ठरवत नाही. सुप्रीम कोर्टानं जुलै 2021 मध्ये महामार्गाच्याच केसमध्ये सांगितलं की कलम 34 मध्ये रक्कम वाढवून देता येत नाही, निवाडा रद्द करता येतो. एप्रिल 2025 ला घटनापीठानं मर्यादित बदलाची मुभा दिली, पण ती गणिताची चूक, लिहिण्याची चूक, अशा कारणांपुरती. तेव्हा वर कोर्टात बघू असं म्हणून लवादाकडं दोन पानी अर्ज टाकून मोकळे होणारे लोक तिथंच हरतात. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात लोकांची केस पुराव्याअभावी कच्ची असते आणि भाव खरंच कमी मिळालेला असतो, हे बघून वाईट वाटतं.

पंचगंगा

वकीलसाहेब तुमचं सगळं बरोबर असेल पण तुम्ही तर आधीच हरल्यासारखं बोलताय. आमच्या कोल्हापूर भागात शक्तिपीठ महामार्गाला लोकांनी विरोध केला म्हणून तर सरकारला विचार करावा लागला. जमीन ही काय विकायला काढलेली नाही. पैसे बँकेत राहत नाहीत, पोरांच्या गाडीत नि लग्नात जातात, आणि परत त्या पैशात त्याच गावात तेवढी जमीन मिळत नाही कारण सगळ्यांकडंच पैसे आलेले असतात नि भाव वाढलेला असतो. काळ्या मातीचं पिकतं रान होतं ते गेलं ते गेलंच. मोबदल्याची चर्चा सुरू केली की लढा संपतो.

काळा_कोट_पंढरपूर

पंचगंगा, तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. माझ्या आजोळचं रान धरणात गेलंय, मला माहिती आहे. पण शक्तिपीठ राज्याचा आहे, त्याला महाराष्ट्र महामार्ग कायदा 1955 लागतो, आणि तिथला विरोध पहिल्या टप्प्यात, आखणी चालू असताना झाला. विरोधाचा वेळ तोच असतो, आखणीचा आणि हरकतीचा. हरकत पण अशी पाहिजे की रस्ता इथनंच का, पलीकडं पडीक माळ असताना बागायत का, ओढ्याचं पाणी कुठं जाणार, अशी एकेक गोष्ट नकाशासकट. संपत्तीचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कातनं काढला तरी कलम 300अ आहे, आणि मे 2024 ला सुप्रीम कोर्टानं कोलकाता महापालिकेच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की नुसते पैसे दिले म्हणजे संपादन कायदेशीर होत नाही, नोटीस, म्हणणं ऐकणं, कारणांसहित निर्णय, खरं सार्वजनिक कारण, हे सगळं पाहिजे. हरकतीवर सुनावणीच न देता 3डी काढली असेल तर हायकोर्टात रिट होते आणि त्यात दम असतो.

पण प्रश्न विचारणाऱ्या भावाचे 21 दिवस गेलेत आणि विहिरीचा रकाना कोरा आहे. त्यांनी लढ्यात जरूर उतरावं, पण अर्ज आधी द्यावा. अर्ज दिल्यानं विरोध कमी होत नाही, वाटलं तर अर्जाच्या शेवटी "संपादनास माझा विरोध कायम ठेवून" असं लिहा.

माहेरवाशीण

आत्यांबद्दल कुणीच काही बोललं नाही म्हणून लिहिते.

मी अशीच एक आत्या आहे. वडिलांचं रान बायपासला गेलं तेव्हा भाऊ एक दिवस मिठाई घेऊन आला, सोबत कागद. म्हणाला ताई, एक सही कर, पैसे अडकलेत. बारा वर्षांत तो माझ्या दारात भाऊबीजेलाच यायचा. मी कागद वाचला तर हक्कसोड. मला पैशाचं नव्हतं हो, पण मला कुणी विचारलंच नाही याचं लागलं. मी सही केली नाही आणि मग केस झाली आणि आठ वर्षं आम्ही बोललो नाही. पैसे कोर्टात पडून. भाऊ मागच्या वर्षी गेला.

तुमचे आजोबा 2011 ला गेले म्हणजे दोन्ही आत्यांचा तुमच्या वडिलांएवढाच हिस्सा आहे, आजी नसतील तर चौघांचा चौथा चौथा. हे उपकार नाहीत, कायदा आहे. तुम्ही त्यांची नावं लपवली आणि नंतर त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी हरकत घेतली तर वाटणीचा वाद म्हणून अख्खी रक्कम दिवाणी कोर्टात पाठवतात. त्यापेक्षा आत्ताच जाऊन दोघींना सांगा, सगळे कागद त्यांच्यापुढं ठेवा, वारस नोंद दुरुस्त करून घ्या. त्यांना घ्यायचं असेल तर द्या. सोडायचं असेल तर त्या स्वतः म्हणतील आणि ते रजिस्टर करायला लागतं, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून चालत नाही. पण आधी सांगायला जा, सहीचा कागद न घेता जा.

मोजणीवाला_निवृत्त

ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलं. ऑफिसात मी कित्येक फायली बघितल्यात, वाद नसलेल्या शेजाऱ्याला पैसे मिळून त्याचं घर उभं राहिलेलं असतं आणि ह्यांची फाईल भावाबहिणीच्या तंट्यात बांधून ठेवलेली.

कृष्णाकाठ, एक राहिलं. वारस नोंद दुरुस्तीला वेळ लागेल, फेरफार, नोटिसा, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत वगैरे. त्यासाठी विहिरीचा अर्ज थांबवू नका, तो वडिलांच्या नावानं आजच चालतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोन दिवस काही लिहिलं नाही कारण सोमवार मंगळवार रजा टाकून गावीच होतो.

अर्ज दिला. आधी तिथं म्हणाले ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील. मी दोन प्रती नेल्या होत्या, म्हणालो माझ्या प्रतीवर आवक शिक्का नि नंबर द्या मग जातो. तासभर बाकावर बसलो, मिळाला. फेर पाहणीला येत्या गुरुवारी येतो म्हणालेत. कारखान्याकडनं पाच वर्षांची ऊस बिलं निघाली, त्यात गट नंबर आहे. मोटरचं कनेक्शन आजोबांच्याच नावावर 1989 चं आहे, ते कोटेशन आईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं. क्रॉसिंग पाइपचं पण अर्जात घातलं, माळरानदादा तुमच्यामुळं. विहीर मोजली, 24 फूट व्यास, 52 फूट खोल. टेप सोडताना वडील कठड्यावर बसून सांगत होते की ते दहावीत होते तेव्हा सुट्टीत ह्याच विहिरीतला मुरूम त्यांनी वर ओढलाय.

मोठ्या आत्याकडं काल संध्याकाळी वडील आणि मी गेलो, कागद न घेता. वडिलांनी सांगितलं की तुझं नाव लावायचं राहिलं, माझी चूक झाली. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली विहीर जाणार आहे का, आणि रडायला लागली. पैशाचं बोलणं झालंच नाही. धाकटी आत्या इचलकरंजीत असते, रविवारी तिच्याकडं जाणार आहोत.

वकीलसाहेब एक विचारायचं होतं, शेजारच्या गावची तीन खतं मिळालीत बागायतीची, भाव चांगला आहे, पण त्यातलं एक 3ए च्या नंतर अकरा दिवसांनी रजिस्टर झालंय. व्यवहाराची इसारपावती मात्र आधीची आहे. ते लावायचं का सोडून द्यायचं?

काळा_कोट_पंढरपूर

सरासरीत ते धरणार नाहीत, रजिस्टरची तारीख बघतात. बाकीची दोन भक्कम लावा, अजून दोनतीन शोधा. तिसरं लवादापुढं इसारपावतीसकट आधाराला ठेवू, त्यावर जोर द्यायचा नाही. गुरुवारी फेर पाहणीचा जो कागद होईल त्याची प्रत मागा, लगेच देत नसतील तर सही करायच्या आधी पूर्ण पानाचा फोटो काढा आणि रकाने कोरे नाहीत ना बघा. मला मेसेज करा.